चिठ्ठीतला प्रश्न

सभागृहात शिरतानाच बजावून ठेवलं होतं : प्रश्न तोंडी विचारायचे नाहीत, चिठ्ठीवर लिहून द्यायचे. स्वयंसेवक मुलं रांगांमधून फिरून चिठ्ठ्या गोळा करत होती आणि पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक त्या मांडीवर घेऊन पत्ते पिसावेत तशा वरखाली करत होते. व्यासपीठावर मध्यवर्ती बँकेतले एक फार वरचे अधिकारी होते. विषय होता ‘बदलत्या जगातील आर्थिक धोरण’, म्हणजे काहीही. भाषण पन्नास मिनिटं चाललं आणि वाईट मुळीच नव्हतं. माणूस अभ्यासू होता, बोलण्यात गोडवा होता, मधूनच एखादा विनोदही येत होता. फक्त त्यातलं एकही वाक्य असं नव्हतं की ज्याच्याशी कुणाला भांडता येईल.

माझ्या शेजारी पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची एक मुलगी बसली होती. तिनं वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहिली. डोकावणं बरं नव्हे, पण मी डोकावलो. तिनं लिहिलं होतं, ‘ठेवीवरचं व्याज महागाईपेक्षा कमी राहिलं तर बचत करणाऱ्याचे पैसे झिजतात आणि कर्ज घेणाऱ्याचा, त्यातही सरकारचा, फायदा होतो. मग हा करच झाला की. तो कुणी मंजूर केला?’ चिठ्ठी पुढे गेली. प्राध्यापकांनी ती वाचली, चष्मा वर करून पुन्हा वाचली आणि गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली. माइकवरून जो प्रश्न विचारला गेला तो असा : ‘महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी आपण कोणकोणते उपाय योजत आहात?’ वक्त्यांनी फार चांगला प्रश्न म्हणून आभार मानले.

मला त्या प्राध्यापकांचा राग आला नाही. पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये एवढंच ते बघत होते. पण मध्यवर्ती बँकेचा माणूस विद्यापीठात बोलायला येतो तेव्हा तो पाहुणा असतो का? माझ्या मते नसतो. तो तोंडी परीक्षेला आलेला असतो, आणि विद्यापीठाला हे कळत नसेल तर त्या भाषणापेक्षा बँकेचं प्रसिद्धिपत्रक वाचलेलं बरं. वेळ तरी वाचतो.

असं म्हणण्याचं कारण त्या पदाच्या घडणीत आहे. मंत्र्याला ठरावीक वर्षांनी मतं मागायला जावं लागतं. मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरला जावं लागत नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं आहे. निवडणूक तोंडावर आली की पैसा स्वस्त करण्याचा मोह सत्तेतल्या कुणालाही होतो. म्हणून व्याजदर ठरवणाऱ्याला त्या मोहापासून लांब बसवायचं, हे शहाणपण जगाला बऱ्याच ठेचा खाऊन आलं. न्यूझीलंडनं १९८९ मध्ये कायदा करून आपल्या रिझर्व्ह बँकेला किंमत-स्थैर्याचं काम आणि ते करायची मोकळीक दिली. ब्रिटनमध्ये दर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडकडे आला तो १९९७ साली. भारतात २०१६ मध्ये व्याजदर ठरवणारी पतधोरण समिती आली, सहा सदस्यांची. लक्ष्य ४ टक्के महागाईचं, आणि दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची सूट. ही व्यवस्था मला मान्य आहे. पण त्या खोलीत जे ठरतं त्यानं कुणाचा हप्ता वाढतो, कुणाची नोकरी जाते, कुणाच्या म्हातारपणाच्या पुंजीला कसर लागते. आणि त्यांतल्या कुणीही त्या सहा जणांना मत दिलेलं नसतं. एवढा अधिकार मतदाराच्या हाताबाहेर ठेवायचा तर बदल्यात सविस्तर स्पष्टीकरण मिळालं पाहिजे, आणि तेही उलटतपासणी होऊ शकेल अशा जागी.

अशा जागा तरी किती आहेत? संसदेच्या समितीत पक्षांची भांडणं आत शिरतात. पत्रकार परिषदेत प्रत्येकाला संध्याकाळच्या बातमीचा मथळा हवा असतो. बाजाराचं तर विचारूच नका, त्याला एकच गोष्ट ऐकायची असते : पुढच्या बैठकीत काय होणार. राहता राहिलं विद्यापीठ. तिथल्या माणसांना उद्याच्या दरात पैसे लावायचे नसतात. त्यांच्याकडे तास-दीड तास असतो, समीकरणं वाचू शकणारे डोळे असतात, आणि समोर बसलेल्या मुलांना आज घेतलेल्या निर्णयांसोबत सगळ्यांत जास्त वर्षं काढायची असतात.

यावर बँकांकडून येणारं उत्तर ठरलेलं आहे. आम्ही मोकळेपणानं बोलू शकत नाही, आमच्या प्रत्येक शब्दाला किंमत आहे. हे खोटं नाही. ५ डिसेंबर १९९६ च्या रात्री अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, तेव्हाचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी वॉशिंग्टनमधल्या एका भोजनसमारंभात लांबलचक भाषण केलं. त्यात कुठेतरी मध्येच, तेही प्रश्नाच्या रूपात, बाजारातल्या ‘अविवेकी उत्साहा’चा उल्लेख आला. दुसऱ्या दिवशी सकाळी टोकियोपासून शेअर बाजार घसरत गेले. १२ मार्च २०२० ला युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या ख्रिस्तीन लगार्द यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की वेगवेगळ्या देशांच्या रोख्यांच्या व्याजातली दरी बुजवण्यासाठी आम्ही बसलेलो नाही. कोविडनं इटली बंद पडलेली होती. त्या एका वाक्यासरशी इटलीचे सरकारी रोखे आपटले आणि बाईंना त्याच दिवशी खुलासा करावा लागला. असा अनुभव असलेली माणसं जीभ चावून बोलणारच. बऱ्याच बँकांत तर बैठकीच्या आगेमागे मौनाचा काळ पाळतात. भारतातल्या समितीच्या सदस्यांसाठी तो निर्णयाआधी सात दिवस आणि निर्णयानंतर सात दिवस असा आहे.

पण नीट पाहिलं तर हा सगळा धोका भविष्यकाळातल्या वाक्यांचा आहे. पुढे काय करणार, कुणाला वाचवणार, कुठपर्यंत थांबणार, हे विचारलं की बाजार कान टवकारतो. मागच्या वर्षी असं का केलंत, त्या वेळी काय दिसत होतं, काय दिसायला हवं होतं आणि दिसलं नाही, या उत्तरांवर कुणी फारसं काही विकत घेत नाही की विकत नाही. तेव्हा विद्यापीठानं एकच पथ्य पाळावं. पुढचा दर विचारू नये, मागचा विचारावा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. मागचं कुणी काढत नाही, आणि ‘सर, येत्या काळात दर कमी होतील का?’ हे कुणीतरी विचारतंच. मग सगळे हसतात, सरही हसतात, आणि प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम संपतो.

मागचं न विचारल्यामुळे काय होतं, ते कबुल्यांच्या इतिहासात दिसतं. ८ नोव्हेंबर २००२ रोजी शिकागो विद्यापीठात अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या नव्वदीनिमित्त परिषद होती. बेन बर्नांके तेव्हा फेडरल रिझर्व्हच्या मंडळावर नुकतेच आले होते. १९२९ नंतरची मंदी महामंदी झाली ती फेडरल रिझर्व्हनं पैशाचा पुरवठा आटू दिला म्हणून, असं फ्रीडमन आणि ॲना श्वार्ट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलं होतं. त्या दोघांना उद्देशून बर्नांके म्हणाले : तुमचं बरोबर आहे, ते आम्हीच केलं, आम्हाला फार वाईट वाटतं, पण तुमच्यामुळे आमच्या हातून पुन्हा तसं होणार नाही. विद्यापीठाच्या व्यासपीठावर मध्यवर्ती बँकरनं उच्चारलेल्या वाक्यांमध्ये याच्या तोडीचं दुसरं मला आठवत नाही. पण ज्या चुकीची माफी मागितली ती सत्तर वर्षांपूर्वीची होती. करणारे केव्हाच गेले होते, आणि माफी मागणाऱ्याचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

आर्थर बर्न्स १९७० ते १९७८ फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष होते, आणि अमेरिकेतली महागाई त्यांच्याच काळात हाताबाहेर गेली. मध्यवर्ती बँकरच्या यातना या विषयावर ते बेलग्रेडमध्ये बोलले, ३० सप्टेंबर १९७९ ला. बँकेकडे महागाई थांबवण्याची ताकद होती, पण भोवतालच्या राजकीय वाऱ्यांत ती वापरली गेली नाही, असं त्यांचं सांगणं. भाषण फार प्रामाणिक आहे. फक्त तोवर खुर्ची सुटून दीड वर्ष उलटून गेलं होतं. ग्रीनस्पॅन यांना आपल्या विचारांच्या चौकटीत दोष सापडला तो ऑक्टोबर २००८ मध्ये, संसदेच्या समितीपुढे, आणि पद सोडलं होतं २००६ मध्ये. म्हणजे कबुली येते तर एक तर निवृत्तीनंतर, नाही तर आजोबांच्या वतीनं. चालू कारभारातल्या ताज्या चुकीचा हिशेब पदावर असताना मांडण्याची रीतच पडलेली नाही.

पदावर असताना फार तर शब्द मागे घेतला जातो. २०२१ मधली महागाई ‘तात्पुरती’ आहे असं फेडरल रिझर्व्ह काही महिने सांगत राहिलं. मग ३० नोव्हेंबरला त्याचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की हा शब्द आता निवृत्त करण्याची वेळ आली आहे. पुढच्या जूनमध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. चूक गणितात होती, की गणित वापरणाऱ्यांनी डोळ्यांसमोरचं पाहिलं नाही म्हणून झाली, हे खोदून विचारायचं तर समितीतल्या प्रत्येक सदस्याच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. त्यांतली तीन त्याच्या स्वतःच्या भाषणात जातात.

भारतातली गोष्ट याहून बोलकी आहे. कायद्यानुसार सलग तीन तिमाह्या सरासरी महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली तर ते पतधोरणाचं अपयश धरलं जातं, आणि रिझर्व्ह बँकेला कारणं, उपाय आणि लागणारा वेळ सरकारला लेखी कळवावा लागतो. २०२२ मध्ये ही वेळ प्रथमच आली. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, मे २०२० पासून ४ टक्क्यांवर होता, तो ४ मे २०२२ च्या ठरलेल्या वेळापत्रकाबाहेरच्या बैठकीपर्यंत तिथेच राहिला. त्या एप्रिलची महागाई होती ७.७९ टक्के. ३ नोव्हेंबरला खास बैठक झाली, पत्र गेलं. बँकेनं ते जाहीर केलं नाही. कायदा जाहीर करा म्हणत नाही, हे खरं आहे. करू नका असंही म्हणत नाही. ब्रिटनमध्ये मार्च २००७ ची महागाई ३.१ टक्के निघाली तेव्हा बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मर्व्हिन किंग यांना अर्थमंत्र्यांना असंच पत्र लिहावं लागलं होतं, आणि ते ज्याला वाटेल त्याला वाचायला मिळालं. पहिल्या नापाशीची प्रगतिपुस्तिका घरात दाखवायची आणि शेजाऱ्यांपासून लपवायची, हे शाळकरी मुलाला शोभतं. त्या पत्रात काय लिहिलंत हे विचारायला विद्यापीठाच्या सभागृहाहून चांगली जागा कोणती? तिथे मागच्या वर्षाची चर्चा ‘राजकारण’ ठरत नाही, अभ्यास ठरते.

विद्यापीठातलं चांगलं भाषण कसं असतं याचे नमुने नाहीत असं नाही. किंग यांचंच घ्या. १७ मे २००५ ला लंडनच्या सिटी विद्यापीठातल्या भाषणात त्यांनी पतधोरण समजावायला फुटबॉलपटू माराडोना आणला. १९८६ च्या विश्वचषकात मेक्सिको सिटीत इंग्लंडविरुद्धचा तो दुसरा गोल. माराडोना साठेक यार्ड धावला, पाच जणांना चकवलं, आणि किंग यांचं म्हणणं असं की तो जवळजवळ सरळ रेषेत धावला. डावीकडे वळेल, उजवीकडे वळेल या अंदाजानं इंग्लंडचेच खेळाडू बाजूला होत गेले. व्याजदरांचंही असंच. बँक दर हलवेल असं लोकांनी धरून चाललं की त्या धरून चालण्यानंच निम्मं काम होतं, दर फारसा हलवावाही लागत नाही. आणि त्याच सामन्यातला हातानं मारलेला पहिला गोल म्हणजे जुन्या गूढ पद्धतीची मध्यवर्ती बँक : अनपेक्षित, नियमबाह्य आणि नशिबानं पचलेली. इंग्लंडच्या गव्हर्नरनं इंग्लंडला झालेल्या गोलांवरून धडा द्यावा, यातली खिलाडूवृत्ती मला आवडते.

अपेक्षांनी दर कसे चालतात हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या चित्रानं नीट कळलं. पण उलटतपासणी कशाला लागते तेही त्याच चित्रात दिसतं. या उपमेत माराडोना म्हणजे बँक. मग ज्यांना चकवलं जातं ते बचावपटू कोण? आपण. कर्ज काढणारे, पगार ठरवून घेणारे, दुकानदार, कामगार. लोकांना चकवून धोरण यशस्वी होत असेल तर लोकांनी बँकेवर विश्वास कशावर ठेवायचा? आणि एकदा चकलेला बचावपटू दुसऱ्यांदा जागेवरच उभा राहिला तर? समोर बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्यानं एवढं विचारलं असतं तरी भाषणाचा पुढचा अर्धा तास सोन्याचा झाला असता. कुणी विचारलं असेलही. छापलेल्या भाषणात फक्त भाषण असतं, आणि ही आणखी एक खोड. प्रश्नोत्तरं जपून ठेवावीत असं कुणाला वाटत नाही.

दुसरा नमुना भारतातला. १४ मार्च २०१८ ला गांधीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल बोलले. पंजाब नॅशनल बँकेतला घोटाळा नुकताच बाहेर आला होता आणि झोपला होतात का, असं सगळे रिझर्व्ह बँकेला विचारत होते. पटेल एरवी मितभाषी. त्या दिवशी त्यांनी कलमं काढली. सरकारी बँकेच्या संचालकाला आम्ही काढू शकत नाही, मंडळ बरखास्त करू शकत नाही, विलीनीकरण लादू शकत नाही, परवाना रद्द करू शकत नाही, कारण तिला आमचा परवाना लागतच नाही. खासगी बँकेच्या बाबतीत हे सगळं करता येतं. नियमन मालकी बघून बदलू नये, एवढीच त्यांची मागणी. आणि विष प्यायचं असेल तर नीलकंठ व्हायला आम्ही तयार आहोत, असंही म्हणाले. समोर विधी शाखेची मुलं होती, ऐकायचं होतं दिल्लीनं. लेकी बोले सुने लागे. त्याच वर्षी १० डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला.

हे भाषण मला मोलाचं वाटतं ते त्यातल्या नाट्यासाठी नाही, तपासता येतं म्हणून. कलम आहे की नाही, लागू होतं की नाही, हे कायद्याचा कुठलाही विद्यार्थी ग्रंथालयात जाऊन पाहू शकतो. आणि पाहून उलट विचारूही शकतो : अधिकार कमी होते हे मान्य, पण त्या बँकांच्या मंडळांवर तुमचा प्रतिनिधी बसत होता ना? परदेशी व्यवहारांच्या संदेशयंत्रणेत धोका आहे असं ऑगस्ट २०१६ पासून निदान तीनदा बँकांना कळवलं होतं असं तुम्हीच सांगितलंत. मग कळवल्यानंतर पाहिलं का कुणी? कळवणं आणि पाहणं यांत अधिकाराचा प्रश्न येतो का? पटेल यांच्याकडे याला उत्तर असेलही. पण असे दोन प्रश्न समोरून आले की भाषण हे कैफियत उरत नाही, वाद होतो, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही बाजू तोलता येतात.

मग विद्यापीठं विचारत का नाहीत? भिडस्तपणा हे एक कारण. दुसरं थोडं अवघड आहे. अर्थशास्त्र विभागाचे या बँकांशी शंभर धागे असतात. संशोधनाला लागणारी आकडेवारी तिथून येते, अध्यासनाचा निधी तिथून येतो, हुशार विद्यार्थ्यांना नोकऱ्या तिथे मिळतात, आणि समितीवर नेमणूक व्हावी असं ज्यांना मनातून वाटतं त्यांची संख्या कमी नसते. यात भ्रष्टाचार नाही. फक्त एकमेकांकडे जाणंयेणं असलेल्या घरांमध्ये जो समजूतदारपणा येतो, तो आलेला असतो. चिंतामणराव देशमुखांसारखा माणूस १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर आणि पुढे १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचा कुलगुरू झाला याचा आपल्याला अभिमान असतो, आणि असावा. तरी त्या दोन खुर्च्यांचं काम वेगळं आहे. एकीनं ठरवायचं, दुसरीनं विचारायचं.

गंमत अशी की विद्यापीठातली माणसं बँकेच्या खोलीत जातात तेव्हा मात्र बोलतात. पहिल्या पतधोरण समितीतले बाहेरचे तिघेही सदस्य प्राध्यापक होते. त्यांतल्या रवींद्र ढोलकिया यांनी आणि त्यांच्यानंतरच्या समितीत जयंत वर्मा यांनी वेळोवेळी बहुमताविरुद्ध मत दिलं. का दिलं ते इतिवृत्तात नावानिशी छापलेलं आहे. बंद खोलीत गव्हर्नरच्या तोंडावर असहमती सांगता येते, तर पाचशे माणसांच्या सभागृहात चिठ्ठी तळाला का सरकवावी लागते?

मुलांना काय कळतंय, असंही एक म्हणणं असतं. पतधोरण फार तांत्रिक, प्रश्न बाळबोध येतील. येऊ देत. आर्थिक संकटावरचा विद्यापीठात विचारलेला सर्वांत गाजलेला प्रश्न इंग्लंडच्या राणीचा आहे. ५ नोव्हेंबर २००८ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला त्या गेल्या होत्या. तिथे त्यांना संकट समजावून सांगण्यात आलं, आणि त्यांनी विचारलं : मग हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? यात तांत्रिक काय होतं? उत्तराचं पत्र ब्रिटिश अकादमीकडून जायला पुढच्या जुलैपर्यंत वेळ लागला, आणि त्याचा मथितार्थ असा की पुष्कळ हुशार माणसांची सामूहिक कल्पनाशक्ती तोकडी पडली. राणीनं विचारलं म्हणून पत्र तरी आलं. हाच प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीनं चिठ्ठीवर लिहिला असता तर तो गठ्ठ्यात कुठे गेला असता हे मी पाहिलेलं आहे.

शिवाय अवघड भाषा हे बऱ्याचदा विषयाचं लक्षण नसतं, सवयीचं असतं. ‘अकोमोडेटिव्ह’ भूमिका, मग ती ‘मागे घेण्यावर लक्ष केंद्रित’ करणारी भूमिका. याला मराठी शब्द शोधताना वृत्तपत्रांची दमछाक झाली, ‘परिस्थितीजन्य उदार’ वगैरे लिहून पाहिलं गेलं. त्याचा अर्थ एवढाच होता की अजून काही दिवस पैसा स्वस्त ठेवू, किंवा आता ठेवणार नाही. पुढ्यात एकोणीस वर्षांची मुलं असताना वक्त्याला हे असं सरळ बोलावंच लागतं. बर्नांके मार्च २०१२ मध्ये, फेडरल रिझर्व्हच्या अध्यक्षपदावर असतानाच, जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात चार तास शिकवायला गेले. चलनाची किंमत सोन्याशी बांधणाऱ्या सुवर्णमानकापासून २००८ च्या संकटापर्यंत सगळं पदवीच्या मुलांना कळेल असं सांगितलं, प्रश्न घेतले, आणि त्यामुळे बाजार कोसळल्याचं ऐकिवात नाही.

प्रश्नाला जागा दिली नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी ऑक्टोबर १९७९ पासून पैसा आवळला. दर २० टक्क्यांच्या घरात गेले, घरकर्ज १८ टक्क्यांवर, १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के. महागाई मोडली, आणि आज सगळे त्यांचं कौतुक करतात, मीही करतो. पण त्या दिवसांत घरं बांधणाऱ्यांनी बांधकामातल्या लाकडी फळ्यांचे तुकडे कापून, त्यांवर मजकूर लिहून, टपालानं वॉशिंग्टनला पाठवले. मोटारविक्रेत्यांनी न खपलेल्या गाड्यांच्या किल्ल्या पाठवल्या. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन बँकेच्या इमारतीभोवती जमले. त्या फळ्यांवर लिहिलेलं आणि त्या मुलीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं मुळात एकच होतं : हे आम्ही सोसायचं, असं कुणी ठरवलं?

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. भाषण आठवडाभर आधी विभागाकडे यावं. दोन प्राध्यापकांनी ते वाचून, त्यातल्या न पटलेल्या गोष्टींवर दहा-दहा मिनिटं वक्त्यासमोर बोलावं, स्वागतपर नव्हे. मग माइक खाली सोडावा, आणि ज्याच्या हातात तो असेल त्यानं स्वतःच्या शब्दांत विचारावं. पुढच्या बैठकीबद्दलचा प्रश्न अध्यक्षांनी खुशाल नाकारावा, मागच्यांबद्दलचा नाकारू नये. प्रश्नोत्तरं भाषणाबरोबर छापावीत. हे ज्याला जमत नसेल त्यानं यायचं टाळलं तरी चालेल. त्याची पत्रकं आम्ही वाचतोच.

त्या दिवशीचं एवढंच राहिलं. कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी दारापाशी थांबली होती. साहेब बाहेर आले तेव्हा भोवती बरीच माणसं होती, तरी तिनं गाठलंच आणि चिठ्ठीतला प्रश्न तोंडी विचारला. मला वाटलं, हसून पुढे जातील. ते थांबले. ‘बरोबर आहे तुझं,’ म्हणाले. ‘त्या वेळी लोकांची कामं जात होती. दर खाली ठेवला की ठेवीदाराला सोसावं लागणार हे आम्हाला माहीत होतं. किती, तेसुद्धा काढलं होतं. दोघांपैकी एकाला निवडायचं होतं.’

‘मग हे भाषणात का नाही सांगितलंत?’ तिनं विचारलं.

ते काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात फोटोसाठी बोलावणं आलं.